खुब्याचा सांधा आणि हरवलेला काळ : बालकांच्या खुबा-शल्यचिकित्सेचा इतिहास (नांदूरघाट परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

बीड जिल्ह्याच्या केज तालुक्यातील नांदूरघाट हे बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गाव. शल्यचिकित्सेच्या इतिहासात त्याचा उल्लेख सापडण्याचे काही कारण नाही. बालकांच्या निखळलेल्या खुब्यावरील शस्त्रक्रियांचा इतिहास व्हिएन्ना, फेरारा, टोरोंटो अशा शहरांच्या नावांनी सांगितला जातो आणि तो थोर शल्यविशारदांच्या कौशल्याचा इतिहास म्हणून वाचला जातो. हे वाचन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. या विकारात कोणती शस्त्रक्रिया करावयाची, किंवा ती करावी लागेल की नाही, हे प्रामुख्याने बालकाच्या वयावर ठरते. आणि बालक कोणत्या वयात शल्यविशारदासमोर येईल हे मात्र त्याच्या घरात आणि गावात ठरत असते. या दृष्टीने पाहिल्यास नांदूरघाटसारख्या गावाला वगळून हा इतिहास पूर्ण होत नाही, अशी प्रस्तुत लेखाची भूमिका आहे.

विकाराचे स्वरूप आणि त्याचे नाव :

खुब्याचा सांधा हा उखळीचा सांधा होय. मांडीच्या हाडाचा गोल माथा कटीच्या हाडातील उखळीत बसतो आणि या दोहोंची वाढ परस्परांवर अवलंबून असते. माथा उखळीत राहिला तर उखळ खोल होते आणि उखळ खोल असेल तर माथ्याची गोलाई टिकते. माथा बाहेर राहिला की उखळ उथळ व तिरकी होते, रिकाम्या जागेत चरबीयुक्त ऊती साचते, सांध्याभोवतीचे वेष्टन लांबते आणि मांडीचे स्नायू आखडत जातात. यातील प्रत्येक बदल महिन्यागणिक वाढत असतो. मूल मात्र वेदनेची तक्रार करीत नाही. ते रांगते, उभे राहते, थोडे उशिरा का होईना पण चालतेही. एका बाजूचा सांधा निखळलेला असेल तर ते लंगडते; दोन्ही बाजूंचे असतील तर कमरेचा बाक वाढतो आणि चाल बदकासारखी डुलती होते. दोन्ही पाय सारखेच आखूड असल्याने ही दुसरी अवस्था घरच्यांच्या लक्षात अधिकच उशिरा येते.

हा विकार मुलींमध्ये मुलांच्या तुलनेत सुमारे चार ते पाच पट अधिक आढळतो. पहिलटकरणीचे मूल, कुटुंबात पूर्वी असा विकार असणे आणि गर्भाशयात बाळ पायाकडून असणे या बाबी त्याची शक्यता वाढवतात. यांपैकी शेवटच्या बाबीसंबंधी एक निरीक्षण नोंदवणे आवश्यक वाटते. पायाकडून जन्मलेल्या व्यक्तीसाठी मराठीत ‘पायाळू’ असा स्वतंत्र शब्द आहे आणि ग्रामीण महाराष्ट्रात तो केवळ प्रसूतीचे वर्णन करणारा शब्द नाही. पायाळू माणसाने पाय लावल्यास कमरेत भरलेली उसण जाते, पायाळूला जमिनीखालचे पाणी वा गुप्तधन दिसते, अशा समजुती आजही ऐकू येतात. त्यामुळे कोण पायाळू आहे ही माहिती गावाच्या स्मरणात जन्मभर राहते. आधुनिक वैद्यक ज्या बालकांच्या खुब्याची आवर्जून तपासणी करण्यास सांगते, त्यांतील एका मोठ्या गटाची नोंद लोकसमाजाने अशा रीतीने आपोआप ठेवलेली आहे. तिचा उपयोग उसण उतरवण्यापलीकडे झाला नाही, ही गोष्ट वेगळी.

या विकारास दीर्घकाळ ‘जन्मजात’ म्हटले जात असे. १९८९ मध्ये बेलग्रेडचे क्लिसिक यांनी ‘विकासात्मक’ हे विशेषण सुचवले व ते पुढे रूढ झाले. हा केवळ शब्दबदल नव्हता. जन्माच्या वेळी सैल असलेला सांधा पुढील महिन्यांत स्थिर होऊ शकतो किंवा निखळू शकतो. म्हणजेच जन्म आणि पहिले पाऊल यांमधील काळात बाळाला कसे गुंडाळले, कसे उचलले आणि कोणी तपासले यास महत्त्व आहे, हे या नावाने मान्य केले.

प्राचीन उल्लेख :

ग्रीक परंपरेत हिपोक्रेटिसच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या सांध्यांविषयीच्या ग्रंथात जन्मापासून निखळलेल्या खुब्याचा निर्देश येतो. भारतीय परंपरेत सुश्रुतसंहितेने संधिमुक्त म्हणजे निखळलेल्या सांध्याचे सहा प्रकार सांगितले आहेत. बाहेर आलेले मांडीचे हाड चक्रयोगाने ताणून जागेवर बसवण्याची पद्धत आणि रुग्णास फळीवर बांधून निश्चल ठेवणारे कपाटशयन हेही तेथे वर्णिले आहे. ताण देणे, बसवणे आणि निश्चल ठेवणे ही उपचाराची त्रिसूत्री आजही बदललेली नाही. मात्र तेवढ्यावरून सर्व काही आमच्याकडे होतेच असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. सुश्रुताने सांगितलेली कारणे पडणे, दबणे, मार लागणे अशी आघाताची आहेत, तर लंगडेपणाचा विचार त्याने खंज आणि पंगु या नावांनी वातव्याधींमध्ये केला आहे. लंगडणारे मूल आणि निखळलेला सांधा या दोन गोष्टी दोन निरनिराळ्या अध्यायांत राहिल्या. हाडवैद्य आणि तेल-मालीश करणारी बाई अशी लोकव्यवहारातील विभागणी पाहिली की हे अंतर पुढेही टिकून राहिल्यासारखे वाटते.

यूरोपातील वाटचाल :

१८२६ मध्ये पॅरिस येथे द्युपुट्रां यांनी या विकाराचे शरीररचनेच्या अंगाने काटेकोर वर्णन केले. परंतु त्यावर उपाय नाही असेच त्यांचे मत होते. भूल आणि जंतुनाशन यांची सोय झाल्यावर चित्र पालटले. १८९० मध्ये जर्मनीतील आल्बर्ट होफा यांनी सांधा उघडून माथा उखळीत बसवण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध केली. व्हिएन्नाचे अडॉल्फ लोरेंत्स हेही प्रारंभी शस्त्रक्रियाच करीत. परंतु जंतुनाशनासाठी वापरल्या जाणाऱ्या कार्बोलिक आम्लाने त्यांच्या हातांची त्वचा बिघडली आणि त्यांना शस्त्र खाली ठेवावे लागले. त्यातून त्यांनी रक्तपाताविना, केवळ हातांनी सांधा बसवून प्लॅस्टरमध्ये ठेवण्याची पद्धत विकसित केली. १९०२ मध्ये शिकागो येथील मांसउद्योगातील धनाढ्य आर्मर कुटुंबाने आपल्या मुलीच्या उपचारासाठी त्यांना अमेरिकेत पाचारण केले. या दौऱ्यात त्यांनी सार्वजनिक रुग्णालयांत गरिबांच्या मुलांवरही उपचार केले आणि तेथे लोकांची झुंबड उडाली.

लोरेंत्स यांच्या पद्धतीची दुसरी बाजू काही वर्षांनी उघड झाली. दोन्ही मांड्या बेडकाप्रमाणे पूर्ण फाकवून महिनोन्‌महिने प्लॅस्टरमध्ये ठेवल्याने माथ्याचा रक्तपुरवठा तुटत असे. सांधा जागेवर बसे, पण माथा झिजून चपटा होई. क्ष-किरणांचा शोध १८९५ चा. त्यामुळे हे दुष्परिणाम आता छायाचित्रात दिसू लागले होते. रक्त न सांडणारी चिकित्सा निर्धोक असतेच असे नाही, हा धडा त्यातून मिळाला. पुढे मांड्या पुरेशा वाकवून, पण मर्यादेतच फाकवून ठेवण्याची पद्धत प्रचारात आली.

निदानाच्या इतिहासातील महत्त्वाचा प्रसंग शस्त्रक्रियागृहाबाहेर घडला. इटलीतील फेरारा येथील बालरोगतज्ज्ञ मारिनो ऑर्तोलानी यांच्याकडे १९३६ च्या सुमारास एका मातेने आपले बाळ आणले. बाळाला स्वच्छ करताना त्याच्या मांडीत काहीतरी खटकन सरकते, एवढीच तिची तक्रार होती. त्या खटक्याचा अर्थ लावून ऑर्तोलानी यांनी निखळलेला माथा उखळीत परत जाताना हाताला जाणवतो, हे तपासणीचे तंत्र १९३७ मध्ये मांडले. १९६२ मध्ये इंग्लंडमधील बार्लो यांनी सैल सांधा निखळतो का, हे पाहणारी पूरक तपासणी दिली. झेकोस्लोव्हाकियातील पाव्हलिक यांनी तोपर्यंत पट्ट्यांचे साधन तयार केले होते. त्यात बाळ पाय हलवू शकते आणि सांधा हळूहळू स्वतःच बसतो. या साऱ्याला खर्च अत्यल्प लागतो. अट एकच, बाळ साधारणतः सहा महिन्यांच्या आतील असले पाहिजे.

उशिरा आलेल्या बालकांचे काय, या प्रश्नाचे उत्तर टोरोंटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी शोधले. माथा बसवूनही तो पुन्हा का सुटतो, याचा विचार करताना उखळीचे तोंड पुढे व बाहेर वळलेले असते हे त्यांच्या लक्षात आले. १९५७ मध्ये त्यांनी कटीचे हाड उखळीच्या वर आरपार कापून खालचा भाग पुढे व बाहेर झुकवला, त्याच हाडाच्या कडेचा पाचरीसारखा तुकडा फटीत बसवला आणि तारांनी स्थिर केला. १९६१ मध्ये ही शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली आणि जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाऊ लागली. १९६५ मध्ये पेम्बर्टन यांनी हाड पूर्ण न कापता उखळीचे छप्पर खाली वाकवण्याची रीत दिली. त्याहून मोठ्या मुलांमध्ये आखडलेल्या स्नायूंच्या दाबाने माथा चिरडू नये म्हणून मांडीचे हाडच थोडे कापून आखूड करण्याची पद्धत क्लिसिक यांच्या कामामुळे १९७० च्या दशकात रूढ झाली.

या शस्त्रक्रियांचा क्रम बारकाईने पाहिला तर प्रत्येक पायरी ही गमावलेल्या काळाची भरपाई आहे असे दिसते. सहा महिन्यांपर्यंत पट्टे पुरतात. त्यानंतर दीड वर्षापर्यंत भुलेखाली हाताने सांधा बसवून छातीपासून पायापर्यंतचे स्पायका प्लॅस्टर अनेकदा पुरते. दीड वर्षानंतर सांधा उघडून आतील अडथळे काढावे लागतात आणि बहुधा उखळीचे हाडही कापावे लागते. तिसऱ्या वर्षाच्या आसपास मांडीचे हाड आखूड करण्याची गरज पडू लागते. आठ वर्षांनंतर, आणि दोन्ही बाजूंचा विकार असेल तर त्याआधीच, सांधा बसवण्यापेक्षा तो तसाच राहू देणे बरे, असा विचार शल्यविशारदाला करावा लागतो.

मुंबई, मिरज, पुणे आणि पोलिओची छाया :

महाराष्ट्रात बालकांसाठी स्वतंत्र रुग्णालयाची परंपरा मुंबईच्या परळ येथील बाई जेरबाई वाडिया रुग्णालयापासून, म्हणजे १९२९ पासून ठळकपणे सांगता येते. बालकांच्या अस्थिव्यंगोपचाराला संस्थात्मक रूप मिळाले ते मात्र पोलिओमुळे. स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यानंतर फातेमा इस्माईल यांनी पुढाकार घेतला, डॉ. ए. व्ही. बाळिगा यांच्यासारख्या शल्यविशारदाचे साहाय्य मिळाले आणि १९४७ मध्ये अपंग बालकांच्या पुनर्वसनासाठीची संस्था उभी राहिली. तिचेच हाजी अली येथील बाल-अस्थिव्यंग रुग्णालय पुढे नावारूपाला आले. पुण्यात डॉ. के. एच. संचेती यांनी १९६५ मध्ये सुरू केलेले रुग्णालय आणि मिरजेत डॉ. जी. एस. कुलकर्णी यांनी उभारलेली स्वास्थ्ययोग प्रतिष्ठान ही संस्था यांनी अस्थिव्यंगोपचाराचे शिक्षण मुंबईबाहेर नेले. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय बाल-अस्थिव्यंग संघटनेच्या कार्यात मुंबईच्या डॉ. अशोक जोहारी यांचा मोठा वाटा आहे.

पोलिओने ही शाखा घडवली; पण त्याच पोलिओने निखळलेला खुबा झाकूनही ठेवला. लंगडणारे मूल दिसले की ‘पोलिओ झाला असेल’ हे उत्तर घरात, शाळेत आणि कधी कधी दवाखान्यातही तयार असे. त्यात अंतिमतेचा भाव होता, कारण गेलेली शक्ती परत येत नाही हे सर्वांना ठाऊक होते. भारतातील शेवटचा नैसर्गिक पोलिओ रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला आणि मार्च २०१४ मध्ये देशाला पोलिओमुक्तीचे प्रमाणपत्र मिळाले. रोग गेला, तरी शब्द लगेच जात नाही. लंगडणाऱ्या दोन वर्षांच्या मुलीला पाहून आजही तोच शब्द उच्चारला जात असेल, तर तो तिच्या उपचाराच्या वेळेतून महिने वजा करीत असतो.

मराठवाड्यातील अंतर :

नांदूरघाट परिसर १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात आणि १९५६ च्या भाषावार पुनर्रचनेपर्यंत हैदराबाद राज्यात होता. मोठे शासकीय रुग्णालय म्हणजे हैदराबादचे. दुसरी वाट मिरजेच्या मिशन रुग्णालयाकडे जाणारी. लातूर-कुर्डुवाडी-मिरज ही बार्शी लाईटची अरुंद रेल्वे १९२७ पासून त्या गावापर्यंत पोहोचत होती. परंतु ती गाडी गाठण्यासाठीही बालाघाटातून आधी बैलगाडीने उतरावे लागे. खुद्द बीड शहराला रेल्वे पोहोचण्यास सप्टेंबर २०२५ उजाडले. या अंतराचा विचार केल्यास, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या भागातील निखळलेल्या खुब्याचे मूल कोणत्याही शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचणे हा अपवादच मानावा लागेल.

१९५६ मध्ये औरंगाबाद येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि त्याचे रुग्णालय ‘घाटी’ या नावाने मराठवाड्यातील घराघरांत पोहोचले. त्यानंतरची महत्त्वाची घटना म्हणजे केजच्या शेजारच्याच तालुक्यात, अंबाजोगाई येथे १९७४-७५ च्या सुमारास उभे राहिलेले स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. ग्रामीण भागासाठी म्हणून स्थापन झालेल्या या महाविद्यालयामुळे अस्थिव्यंगोपचार तज्ज्ञ एका एसटी प्रवासाच्या अंतरावर आला. मैलांचे अंतर अशा प्रकारे घटले. काळाचे अंतर मात्र दुसऱ्या कारणाने टिकून राहिले. ते कारण म्हणजे ऊसतोड.

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. केज तालुकाही त्याला अपवाद नाही. तान्हे मूल आईबरोबर कोपीवर जाते. पावसाळ्यात जन्मलेल्या मुलीला दीड महिन्याची लस गावात मिळते; त्यापुढील लसींच्या वेळी ती फडात असण्याचा संभव मोठा. खुब्याची तपासणी ज्या भेटींमध्ये व्हावयाची त्याच भेटी हुकतात. पुढच्या हंगामात ती चालू लागलेली असते. तिची चाल उसाच्या सरीत पाहिली जाते, आणि सरीत सारेच अडखळत चालतात.

यात आणखी एक वास्तव मिसळलेले आहे. २०११ च्या जनगणनेनुसार बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागे केवळ ८०७ मुली होत्या. हा आकडा राज्यात सर्वांत कमी होता. ज्या विकारात बहुसंख्य रुग्ण मुली आहेत, त्याचा इतिहास लिहिताना मुलीवर खर्च करण्याची आणि त्यासाठी हंगाम सोडण्याची कुटुंबाची तयारी हा घटक दुर्लक्षिता येणार नाही. मात्र येथे सावधगिरीही हवी. मुलीचे लंगडणे म्हणजे पुढे लग्नाचा प्रश्न, ही भीती जशी विकार लपवायला लावते, तशी ती आईबापांना रुग्णालयापर्यंतही आणते.

कडेवर आणि दुपट्यात :

बालसंगोपनाच्या चालीरीतींचा खुब्याशी असलेला संबंध हा या विषयातील विशेष उद्बोधक भाग होय. जपानमध्ये तान्ह्या बाळाचे पाय सरळ करून गुंडाळण्याची प्रथा होती. १९७५ च्या सुमारास तेथे ती टाळण्याची मोहीम राबवण्यात आली आणि निखळलेल्या खुब्याचे प्रमाण झपाट्याने घटले. अमेरिकेतील नाव्हाहो समाजात बाळाला फळीच्या पाळण्यात पाय बांधून ठेवत. तेथेही हा विकार अधिक आढळत असे. याउलट जेथे बाळ मांड्या फाकवून पाठीवर वा कमरेवर वागवले जाते, तेथे तो कमी दिसतो.

मराठी घरात या दोन्ही गोष्टी एकाच बाळाच्या वाट्याला येतात. बाळंतविड्यातील दुपट्यात नवजात बाळ हातपाय सरळ करून घट्ट बांधले जाते. पाय वाकडे होऊ नयेत ही त्यामागील श्रद्धा. न्हाऊ घालणारी बाई तेल लावून पाय ओढते, ताणते. बाळाने मान धरली की मात्र तेच बाळ कडेवर जाते. आईच्या कमरेला दोन्ही बाजूंनी विळखा घातलेल्या मांड्या, हीच नेमकी सांध्याला हितकर स्थिती आहे. पाव्हलिक यांचे पट्टे साधतात तीही जवळपास हीच. परंतु पहिले दोन-तीन महिने, जेव्हा सांधा सर्वाधिक सैल असतो, तेव्हा दुपट्याचे राज्य असते. परंपरा सरसकट चांगली किंवा सरसकट वाईट असे म्हणणाऱ्या दोन्ही पक्षांना हे उदाहरण अडचणीचे ठरावे. दुपटे सोडावे लागत नाही. ते कमरेखाली सैल ठेवले, म्हणजे बाळ गुडघे वर घेऊन पाय फाकवू शकले, की पुरते.

शासकीय दखल आणि पुढील प्रश्न :

६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधील तीस आरोग्यस्थितींचा शोध घेण्याची योजना त्यात होती आणि नऊ जन्मजात दोषांच्या यादीत खुब्याच्या या विकाराचाही समावेश होता. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा फिरते पथक जाते. शासकीय यादीत हे नाव येणे ही या विकाराच्या भारतीय इतिहासातील मोठी घटना मानली पाहिजे. पण अंगणवाडीतील तपासणीत सापडणारे मूल बहुधा पट्ट्यांचे वय ओलांडून आलेले असते. २०२२ मध्ये बालरोग, नवजात शिशू, स्त्रीरोग, क्ष-किरण आणि अस्थिव्यंग या शाखांच्या राष्ट्रीय संघटनांनी एकत्र येऊन जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत म्हणूनच जन्मानंतर लगेच व पुढे लसीकरणाच्या भेटींत खुबा तपासण्यावर आणि पायाळू बाळासारख्या जोखमीच्या बालकांची सोनोग्राफी करण्यावर भर आहे. ऑस्ट्रियातील ग्राफ यांनी १९८० मध्ये दिलेली ही सोनोग्राफी पद्धत आवश्यक ठरते, कारण माथ्याचे हाड बनण्यास चार ते सहा महिन्यांनंतरच सुरुवात होते आणि त्याआधीच्या क्ष-किरणचित्रावर विसंबता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचा काळही हंगामाच्या दिनदर्शिकेत बसवावा लागतो. दोन वर्षांच्या मुलीवर खुबा उघडून आणि उखळीचे हाड कापून शस्त्रक्रिया झाली, तर सुमारे सहा आठवडे ती छातीपासून पायापर्यंत प्लॅस्टरमध्ये असते. या अवस्थेत तिला कोपीवर ठेवणे अशक्यप्राय आहे. शौच-लघवीने प्लॅस्टर ओले होऊ न देणे, तिला कुशीवर वळवणे, उचलताना आधार देणे यासाठी एक माणूस सतत लागतो. ऊसतोडीची मजुरी नवराबायकोच्या जोडीला, म्हणजे एका कोयत्याला मिळते. त्यामुळे आई मागे राहिली तर अर्धे नव्हे, संपूर्ण उत्पन्न थांबते आणि उचल अंगावर राहते. शस्त्रक्रिया विनामूल्य झाली तरी हा खर्च कोणत्याही देयकात दिसत नाही. मे ते सप्टेंबर या काळात शस्त्रक्रिया आणि प्लॅस्टर दोन्ही पार पडले तर कुटुंबाला ते पेलते. त्यासाठी निदान उन्हाळ्याच्या आत व्हावे लागते.

माथ्याच्या रक्तपुरवठ्यावर परिणाम झाला आहे का, उखळ नीट खोल होत आहे का, हे मुलीची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षापर्यंत ठरावीक अंतराने पाहावे लागते. प्रत्येक वेळी आधीची क्ष-किरणचित्रे सोबत असावी लागतात. आईवडील सहा महिने गावाबाहेर असणाऱ्या घरांत हे पाकीट जपण्याचे आणि मुलीला अंबाजोगाईच्या एसटीत बसवून तपासणीला नेण्याचे काम मागे राहणाऱ्या आजी-आजोबांकडे येते.